शेवरलेटला टर्बो

नांदेडच्या बसस्टँडवर कंडक्टरने माझी पिशवी पायाने सरकवून पाहिली आणि विचारलं, "बाई, दगडं भरून आणलीत का?" भावाने मागवलेला गाडीचा कसलासा पार्ट आहे, एवढंच मी सांगू शकले, कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं. देगलूर नाक्याजवळच्या भंगारवाल्याकडे पार्सल ठेवलंय, येताना घेऊन ये, असं अश्वजितने फोनवर फर्मान सोडलं होतं. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते, शनिवारी लातूरला वडिलांकडे येते, आणि येता-जाता सगळ्यांची हमाली करते. घरी येऊन पिशवी उघडली, तर आत गोगलगायीसारखा वळलेला, काजळी धरलेला लोखंडी गोळा निघाला.

"टर्बो हाय, अक्का," अश्वजित म्हणाला. "डिझेल जीपचा. शेवरलेटला बसवायलोय."

माझं डोकंच फिरलं.

शेवरलेट आमची नव्हती, हे आधी सांगायला हवं. ती वस्तीची होती. मी लहान असताना सगळ्यांनी वर्गणी काढून एका कंत्राटदाराची ती जुनाट गाडी घेतली. का, तर जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा बैलगाडीऐवजी मोटारीतून निघावी. त्या वेळी वस्तीत लायसन होतं ते एकट्या अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे. रामकिशन ड्रायव्हर म्हणूनच त्यांना सगळे ओळखायचे. नोकरीत सरकारी जीप चालवायचे, साहेब म्हणेल तिकडे आणि साहेब म्हणेल त्या वेगाने. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला शेवरलेट अण्णांनीच चालवायची असा नियम पडला. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

वर्षभर गाडी आमच्या शेडमध्ये झाकून असायची. जयंतीला अण्णा पांढराशुभ्र शर्ट घालून बसायचे आणि लेझीमच्या मागे माणसाच्या चालीने ती काढायचे. पहिला गिअर, फार झालं तर चौकात दुसरा. एवढं थोरलं इंजिन, एका रांगेत सहा सिलिंडर, पण अण्णांच्या हातात ते कधी पळलंच नाही.

आता अण्णांची फुफ्फुसं बसत चालली होती. थंडीत त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की पाहुण्यांना भेटवून घ्या. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घरघरायचं आणि अण्णा नाकात नळी घालून शेडकडे बघत बसायचे. एक दिवस त्यांनी अश्वजितला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "एकदा पळवून बघायची हाय मला. पुन्हा काय म्हणणार न्हाई."

अश्वजितचं औसा रोडला गॅरेज आहे. शेवरलेटची अवस्था त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. मागच्या जयंतीला उड्डाणपुलाच्या चढावर पोरांनी तिला ढकललं होतं. इंजिन झिजलेलं, दम संपलेला. तिला पळवायची तर बाहेरून जोर आणावा लागणार, म्हणून हा टर्बो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुराच्या रेट्यावर तो आपला पंखा फिरवतो आणि इंजिन स्वतःहून ओढेल त्याच्यापेक्षा जास्त हवा त्याच्या घशात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पोरांना मी हेच शिकवते, त्यामुळे पुढचंही मला कळत होतं.

"ताकद वाढली तर खालची बेअरिंगं टिकतील का?" मी विचारलं.

"न्हाई टिकायची," तो सरळ म्हणाला. त्या इंजिनाची बेअरिंगं मऊ पांढऱ्या धातूची, हाताने ओतलेली. पिस्टनला जोडलेल्या रॉडच्या तळाशी बारीक चमचे असतात, ते फिरता फिरता तेल उडवतात आणि त्या तेलावर सगळा कारभार चालतो. "जपून चालवली तर टिकतील. टर्बोचा दाब थोडाच ठेवतो. सरळ रस्त्यावर थोडं पळवायचं, आन् पाय काढायचा."

"गाडी आपल्या बापाची आहे का रे?"

"बापाचीच हाय की." हे बोलून त्याला स्वतःलाच हसू आलं आणि लगेच ते मावळलं. "अक्का, त्यांच्या छातीत हवा भरायला मला येत न्हाई. हिच्यात येते. मग काय करू?"

तो खरं बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जयंती मंडळाचा अध्यक्ष आनंदराज शेडमध्ये डोकावला, तेव्हा अश्वजितने त्याला एवढंच सांगितलं की इंजिनाला दम आणतोय, औंदा ढकलावी लागणार नाही. आनंदराज खूश होऊन गेला.

अश्वजितने काम मन लावून केलं. टर्बोला तेलाची नळी जोडली, कार्बोरेटर सरकवून पुढे घेतला, धुराचा पाइप नव्याने जोडून घेतला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा नेहमीच्या धडधडीवर एक बारीक शिट्टी ऐकू आली. अण्णांनी खिडकीतून हात वर केला. त्यांना इतकं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. अश्वजित स्टिअरिंगवर, अण्णा शेजारी, मी मागच्या सीटवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन. नळी पुढे अण्णांच्या नाकापर्यंत पोहोचावी म्हणून मला दोघांच्या मधून वाकून बसावं लागत होतं. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. अण्णा म्हणाले, "थांबव. उतर."

"अण्णा, मीच चालवतो. तुम्ही बसा."

"चालवायची म्हणलं होतं मी. बसायची न्हाई."

अश्वजितने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. तरी तो उतरला, कारण अण्णांनी सांगितलं की उतरायचं, हे त्याच्या लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं. अण्णा स्टिअरिंगमागे सरकले आणि तो फेरा घालून त्यांच्या जागेवर बसला.

गिअर पडला तो लोण्यासारखा. दुसरा, मग तिसरा. शिट्टी वाढत गेली. झाडं मागे पळायला लागली, खिडक्या खडखडायला लागल्या, समोरून येणारा एक दूधवाला मोटारसायकल कडेला घेऊन बघतच राहिला. अण्णा हसत होते. खरं सांगते, मीही हसत होते.

मग खालून ठोका आला. आधी एक, मग सलग. ठक ठक ठक ठक.

"अण्णा, पाय काढा!" अश्वजित ओरडला. "बेअरिंग बोलायलंय!"

अण्णांना ठोका ऐकू गेला होता. ज्या माणसाने उभ्या हयातीत जीपची साधी खुळखुळ ऐकून गाडी कडेला घेतली, बेअरिंगचा आवाज ओळखला नाही म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या, त्याला तो ऐकू गेला नसेल असं कसं म्हणू? मी नळी धरून वाकलेली होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची चप्पल होती. ती वर आली नाही. ती आणखी खाली गेली, पार टेकेपर्यंत.

"अण्णा!"

मोठा आवाज झाला. रॉड इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला होता. गाडी घरंगळत जाऊन बाभळीखाली थांबली, आणि रस्त्यावर मागे तेलाचा लांब पट्टा पडला. अण्णांचे ओठ निळे पडले होते. ते अजून हसत होते. "लई पळाली," ते म्हणाले. "लई म्हणजे लई."

अश्वजितने खाली उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं होतं, ते कुणाला सांधता येणार नव्हतं. त्या जातीचं दुसरं इंजिन त्याने सोलापूरपासून हैदराबादपर्यंत फोन करून शोधलं. कुठेच मिळालं नाही.

मंडळाला सांगायला तो एकटाच गेला. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. टर्बो त्याने स्वतःच्या नादाने बसवला, गाडीही त्यानेच चालवली आणि त्याच्याच हातून ती गेली, असं त्याने सांगितलं होतं. कुणी त्याच्यावर हात उचलला नाही. जुन्या माणसांनी फक्त त्याच्या गॅरेजला येणं बंद केलं.

"खरं का नाही सांगितलंस?" मी त्याला झापलं.

"किती दिवसाचे राहिलेत आता ते. जाऊ दे की चांगलं नाव घेऊन."

आणि अण्णा गेले नाहीत. थंडी सरली, हवा कोरडी झाली, श्वास लागायचा कमी झाला. मार्चमध्ये ते अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. आनंद झाला का? झाला. पण अश्वजित त्यांना आंघोळ घालताना त्यांच्या तोंडाकडे बघायचा नाही, तेही त्याच्याकडे बघायचे नाहीत, आणि त्या रविवारचं नाव घरात कुणी काढायचं नाही. मी दर शनिवारी वाट बघायची, की आज तरी अण्णा काही बोलतील. एक शब्द पुरला असता.

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक आमच्या दारावरून आली. पुढे भाड्याचा पिकअप होता, पांढरा, फुलांनी मढवलेला, त्यात प्रतिमा. कॉलेजातला एक मुलगा तो एका हाताने चालवत होता. अण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून दारात बसले होते, नाकात नळी. अश्वजित लोकांना पाणी देत उभा होता. ओळखीची माणसं दुसऱ्याच्या हातून पाणी घेत होती.

आनंदराज पुढे आला, अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाला, "जय भीम, काका. जीवाला लागतं बघा. पोरानं नादापायी गाडी घालवली, न्हाई तर आज तुम्हीच पुढं असता."

लेझीम थांबली होती. बरेच जण ऐकत होते. अण्णांनी पिकअपकडे पाहिलं, मग अश्वजितकडे. किती महिन्यांनी ते त्याच्याकडे सरळ बघत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला अण्णा, आता बोला.

"पोरगंच हाय," अण्णा म्हणाले. "चुकतं. माफ करा त्याला."

माझ्या तोंडाशी आलंच होतं. वस्तीसमोर, प्रतिमेसमोर सगळं ओकून टाकणार होते मी. अश्वजितने माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"व्हय," तो आनंदराजला म्हणाला. "चुकलं माझं." आणि अण्णांच्या नाकातली नळी सरकली होती, ती त्याने वाकून नीट बसवली.