बांधावरचं पहिलं प्रिमरोज

उकडलेलं अंडं ठेवायच्या चिमुकल्या पेल्यात एकच फूल... सायीवर हळदीचं बोट टेकवावं इतकं फिकट, मध्ये जरा गडद डोळा – आणि तो डोळा आपल्याकडेच लागलाय असं मारेदला वाटलं. पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"हे कुणी आणलं?"

"मी आणलं, आई. बांधावर या वर्षीचं पहिलंच दिसलं, म्हटलं तुम्हाला आवडेल." तिची सून नेरिस चुलीपाशी बसून बाळाचं टोपडं विणत होती, दिवस भरत आले होते तिचे. "अशा काय बघताय? फूलच आणलंय, बैल नाही आणला घरात!"

"छान आहे गं," मारेद म्हणाली.

पोर बंदरावरच्या शहरातली, तिला काय ठाऊक. इथे डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं – पहिलं प्रिमरोज घरात येतं ते मूठ भरून. मूठ अपुरी, तर कोंबडीखालची पिल्लं तेवढी कमी. आणि एकटंच आलं तर... ओल्वेनने, धाकट्या बहिणीने, असंच एकटं आणून माझ्या उशाशी ठेवलं होतं, हसत हसत. त्याच वसंतात माझा पाळणा रिकामाच माळ्यावर गेला – नको, तिकडे नको.

सांगावं, तर पोर घाबरेल; या दिवसांत घाबरणं वाईट. गुपचूप फेकावं, तर आलेलं ते आलंच. उपाय एकच, दिवस मावळायच्या आत मूठ पुरी करायची.

पण वसंत थंड होता. बांधावर नुसती सुरकुतलेली पानं, कळ्या मिटलेल्या. ती गुडघ्यांवर बसली, ओल्या गवतात बोटं घालत राहिली. एक मिळालं. काटेरी झुडपाखाली आणखी एक.

"आई, काय हरवलं?" वरच्या कुरणातून तिचा मुलगा इदविन ओरडला. "चॅपेलात सगळ्यांच्या वरचढ गाणारी बाई चिखलात रांगतेय! उपदेशकांना बोलावू का?"

"तू आपल्या मेंढ्या बघ, मेल्या!"

तो हसत गेला. उपदेशक... गेल्या रविवारी बोलता बोलता त्यांचा आवाज चढत चढत सुरात शिरला होता, आणि बाप लेकराला विसरत नाही, विसरत नाही, असं ते आळवत राहिले तेव्हा बाकांवरची म्हातारी माणसंसुद्धा डोलत होती. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी म्हणाले होते, खरं आहे, देवा, खरं आहे...

खरं होतं ना? मग ही मूठ कुणासाठी? दाराशी पहारा बसवावा तशी ही फुलं मी उभी करतेय – ती कुणाच्या वाटेत?

नेरिसच्या पोटाभोवती सकाळपासून घिरट्या घालणारी भीती आता तिथे नव्हतीच. ती माघारी वळून, किती वर्षं कोण जाणे, ज्या देवापुढे मारेद गात आली होती त्याच्याच तोंडाकडे पाहत होती... आणि ते तोंड मारेदला दिसेना.

"रागावू नकोस रे बाबा," ती पुटपुटली. आणि पुढचं पान उचलून बघू लागली.