झाकणावरची शाबूत पट्टी

मित्रांनो, आज ज्या पेटीत कुणीतरी खिळे ठेवते, ती पत्र्याची जुनी पेटी मी. एके काळी मी साखर कारखान्यातली औषधपेटी होते. मला सारे नीट सांगता येईल की नाही, याची धास्तीच वाटते. तरी सांगते.

नगरच्या एका पत्रेवाल्याने मला घडवले. पांढरा रंग, वर तांबडी फुली. पोटात कापूस, पट्ट्या आणि आयोडिनची बाटली घालून मला कोल्हारकडच्या एका कारखान्यात आणले आणि गव्हाणीजवळच्या भिंतीवर टांगले. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या जिथे साखळीवर पडतात आणि गाळपाला जातात, ती जागा. माझ्या झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली होती; झाकण उघडले की ती फाटे. ती फाटली की अपघात झाला असे समजायचे. फेरीवर आलेले साहेब ती शाबूत पाहून खूश होत. खंडेनवमीला कामगार मला हळदकुंकू लावत, झेंडूचे फूल वाहत. काही न करता मिळणारे ते कौतुक मला फार गोड वाटे.

आमच्या गव्हाणीवर एक रीत होती. हंगामाची पहिली मोळी पडली की साखरेचे पहिले पोते देवाला जाईपर्यंत रक्ताचे नाव काढायचे नाही. काढले तर हंगाम बाधतो, असे म्हणत. एकाहत्तर साली हंगाम सुरू झाला त्याच दिवशी, अडकलेला ऊस सोडवताना रखमाजीचा डावा हात साखळीत सापडला. करंगळी चेचली, शेजारच्या बोटाला नुसते खरचटले. तो माझ्याकडे आला. त्याचा उजवा हात माझ्या कडीवर होता, तेवढ्यात मुकादम आसाराम आला.

"रखमाजी, आजच पट्टी फाडतू का? पोतं तरी जाऊ दे देवाला."

"लई ठणकतंय, मुकादम."

"हळद दाब. आमची बोटं काय कधी चेचली न्हाईत व्हय?"

रखमाजीने हात मागे घेतला, पंचा गुंडाळला आणि पुन्हा कामाला लागला. आयोडिन त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, मित्रांनो. मला तोंड नव्हते.

त्या वर्षी बॉयलर धड चालेना. पोते लांबत गेले. रखमाजी रोज येई. पंचा आधी पिवळा, मग काळपट दिसू लागला. जाता-येता तो माझ्याकडे पाही आणि माझा जीव टांगणीला लागे. शेवटी वाजतगाजत पोते देवळात गेले. तेव्हा रखमाजी तापाने फणफणला होता. त्याची बायको छबूबाई त्याला यष्टीने नगरला घेऊन गेली. जखमेचे विष शेजारच्या बोटात चढले होते. डॉक्टरांनी दोन्ही बोटे काढली.

असल्या हाताला गव्हाणीवर काम कोण देणार? नुकसानभरपाई मिळाली तर एक म्हैस घ्यायची आणि दुधावर घर चालवायचे, एवढीच छबूबाईची आशा होती. पण कारखान्याचे साहेब म्हणाले, जखम घरी झाली नसेल कशावरून? त्या दिवशी हा कुणाला बोलला नाही, औषध मागितले नाही. पुरावा म्हणून त्यांनी मलाच भिंतीवरून उतरवले आणि जीपमध्ये घालून नगरच्या कामगार भरपाईच्या कचेरीत नेले.

कचेरीच्या पडवीत आसाराम बसला होता. छबूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुकादम, पोतं देवाला गेलं. बोटं कुनाला गेली?"

"वैनी, मला बी लेकरं हायेत. माझं काम जाईल."

"मग सांगा त्यास्नी, ह्यांनी घरीच कुऱ्हाड मारून घेतली म्हनून."

तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि आसाराम साक्षीला आत गेला.

आत अधिकाऱ्यांनी मला टेबलावर ठेवले आणि पट्टीवरून बोट फिरवले. "ही तर शाबूत आहे," ते म्हणाले. ज्या पट्टीचा मला अभिमान, तीच रखमाजीच्या विरुद्ध साक्ष देत होती. तेव्हा मला वाटले, कुणीतरी मला आपटून फोडावे.

आसाराम उठला. "साहेब, पट्टी मीच फाडू दिली न्हाई. हात गव्हाणीवरच सापडला. मी तिथं हुतो."

अपघात कामावरच झाला, हे अधिकाऱ्यांनी मानले. पण त्याच दिवशी औषध झाले असते तर शेजारचे बोट वाचले असते, असे डॉक्टरांनी लिहिले होते. भरपाई करंगळीचीच मिळाली. म्हशीऐवजी शेळी आली.

पायऱ्या उतरताना रखमाजी आपल्या हाताकडे पाहत छबूबाईला म्हणाला, "एक कामात गेलं, एक वाट बघन्यात गेलं."

मला पुन्हा भिंतीवर टांगले. कचेरीत मला उघडून पाहताना जुनी पट्टी फाटली होती; नवी चिकटवायला माणूस आला, तेव्हा आसाराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या उघडी." पुढे मला कितीतरी हात लागले. कडी झिजली, रंग उडाला, फुलीवर आयोडिनचे डाग पडले. साहेबांनी मग माझ्याकडे कौतुकाने कधी पाहिले नाही.

मित्रांनो, तुम्हाला कुठे लागले-खुपले तर त्याच दिवशी चारचौघांत सांगा, त्याच दिवशी औषध लावा. पोते थांबते, देवही थांबतो. जखम थांबत नाही. आणि एखाद्या भिंतीवर कोरी करकरीत औषधपेटी दिसली, तर तिच्या कोरेपणावर जाऊ नका. आधी तिची कडी उघडते का, ते बघा.