मी काकूंच्या प्लीहेत राहते

अहो, इकडेतिकडे काय बघताय? मी काकूंच्या आतून बोलतेय. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते ना, तिथे माझं बस्तान आहे. मी एक पांढरी पेशी. डॉक्टर मला स्मृतिपेशी म्हणतात. नाव भारदस्त, पण काम एकच. काकूंना एकदा झालेला मलेरिया लक्षात ठेवायचा.

काकू आणि काका रोपवाटिका चालवतात. कमळांच्या टाक्यांत डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेले असायचे. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला पाण्यात मासे नको होते. काकांनी सगळे उपसून बादलीत काढले आणि परत सोडायचं विसरले. महिन्याभरात काकू तापाने फणफणल्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या.

तेव्हाच माझा जन्म झाला. काय गोंधळ होता म्हणून सांगू! चहूकडून धोक्याचे निरोप सुटले होते, "धावा, धावा!" माझ्या कितीतरी बहिणी त्या आरडाओरड्याने अर्धवट शिकूनच धावल्या, भराभर प्रतिपिंडं बनवली आणि दमून गेल्या. मीही निघाले होते, पण एका टी-पेशीने मला धरून बसवलं. आम्ही तिला मावशी म्हणतो. तिचा निरोप हळू, पण नेमका. मी प्रतिपिंड बनवून दाखवायचं आणि तिने म्हणायचं, "सैल आहे. पुन्हा कर." मला इतका राग यायचा! शेवटी एकदाचं ते जंतूच्या अंगाला घट्ट चिकटलं, तेव्हा मावशी म्हणाली, "आता लढायला जाऊ नकोस. हे लक्षात ठेव आणि वाट बघ."

यंदा काकांनी टाक्या घासल्या आणि मासे पुन्हा बादलीतच राहिले. धन्य माणूस! जंतू परत आले. थोडं रूप बदलून आले होते, तरी मी बरोबर ओळखलं. मावशीचा इशारा मिळताच माझ्या एकीच्या हजारो झाल्या. काकूंना ताप चढलाच नाही, नुसती अंगात कणकण. मी जाम खूश होते.

पण जंतू कमी झाले होते, संपले नव्हते. आणि बरं वाटतंय म्हटल्यावर काकू दवाखान्याचं नाव काढेनात. घरात सून सात महिन्यांची गरोदर. तिला कधी मलेरिया झालेला नाही, म्हणजे तिच्या अंगात हे जंतू ओळखणारी कोणीच नाही. काकूंना चावलेला डास पुढे तिला चावला असता, तर बाळाच्या जिवावर बेतलं असतं. माझा जीव टांगणीला लागला. मी कितीही ओरडले तरी बाहेर कोणाला ऐकू जाणार?

पण सून चलाख निघाली. गुलाब छाटताना काकूंनी सुकलेली फांदी सोडून टपोरी कळीच कापली, ते तिने पाहिलं.

"आई, हात थरथरतोय तुमचा. आणि भर दुपारी शाल? चला, रक्त तपासू."

"मला काहीही झालेलं नाही. मागच्या वेळी मला उठून बसता तरी येत होतं का?"

"बरं बाई, मग माझ्या तपासणीला सोबत तरी याल?"

त्याला काकू लगेच तयार झाल्या. दवाखान्यात पोचल्याबरोबर सून रक्त तपासणाऱ्या बाईंना म्हणाली, "आधी यांचं बोट टोचा."

"अगं लबाडे!" काकू म्हणाल्या, पण बोट पुढे केलं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "थोडेच आहेत, पण आहेत."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. "मी हिच्या शेजारीच झोपते हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "हिचं बघा आधी."

सुनेचं रक्त स्वच्छ निघालं. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही स्वच्छ. तोवर काकूंनी काकांना समोर उभं करून मासे टाक्यांत सोडायला लावले होते. सून रोज पाण्याचा पेला घेऊन समोर बसायची आणि गोळी गिळल्याशिवाय काकूंना हलू द्यायची नाही.

मी आहे अजून इथेच, मजेत. तुम्हाला एकच सांगते. ताप आम्ही अडवू, पण आमच्या भरवशावर राहू नका हो. घरात दुसरीही माणसं असतात. शंका आली की बोट पुढे करा.

परवा बाळ झालं. काकू त्याला छातीशी धरून बसल्या आहेत आणि त्याचं रडणं मला इथवर ऐकू येतंय. आवाज खणखणीत आहे हं!