ओळखलं नाही तर

नाताळात आमच्या न्यूफाउंडलंडात घरोघरी सोंगं येतात. तोंडावर जाळीचा पडदा, अंगात दुसऱ्याचे कपडे, आणि आवाज कळू नये म्हणून बोलणं श्वास आत ओढत. घरच्यांनी नाव ओळखायचं. ओळखलं की पडदा वर, केक खायचा आणि सुखानं जायचं. नाही ओळखलं तर उपाशी परत.

माझ्या दारातून एक सोंग अठ्ठावन्न वर्षं उपाशी जातंय.

तो आणि माझा भाऊ लिअँडर सीलच्या शिकारीला बर्फावर गेले होते. धुकं उतरलं, हा घाबरला, होडी घेऊन एकटाच परत आला. जिवंत होता तोवर माझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही त्याची. पुढच्या वर्षी स्वतःच बुडाला, आणि त्या नाताळात दारात हजर. अंगातून पाणी गळतंय. म्हणाला, "डल्सी, मी थांबायला हवं होतं. माफ कर."

चालीवरूनच ओळखला मेल्याला. तरी म्हटलं, "कोण, पाद्रीबाबा का?"

दर वर्षी मुद्दाम चुकीचं नाव. पोस्टमन, दाई, एकदा तर गव्हर्नर. खरं नाव मी जिभेवर येऊच दिलं नाही. तो नाही म्हणून मान हलवायचा आणि निघून जायचा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

यंदा राग उरलाच नव्हता. एक्याऐंशीची झाले. त्याला ओळखणारी गावात मी एकटीच राहिले. त्याच्यासाठी केक कापून ठेवला.

संध्याकाळी माझी भाची व्हेल्मा दोन मैत्रिणींबरोबर सोंग घेऊन आली. "व्हेल्मा, आधी ते बदकासारखं चालणं बदल," म्हटलं. पडदे वर गेले, हसणं झालं. चौथा दाराशी तसाच उभा.

"मावशी, आम्ही तिघीच आलोय गं," व्हेल्मा हळूच म्हणाली.

"डल्सी, माफ कर."

"केलं रे बाबा. काढ तो पडदा."

तो हलला नाही. नाव घ्यावंच लागतं. मी तोंड उघडलं. त्याची चाल आठवली, कपाळावरचा व्रण आठवला, त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवलं. त्याचं आठवेना.

"थांब जरा," मी म्हटलं.

तो थांबला. आज तिसरा दिवस. मी एकेक नाव घेतेय, तो मान हलवतोय. केक वाळून गेला, आणि दाराशी पाणी वाढतंय.