चार फरशा

गुडघे टेकून आई फरशीवरची लाल पट्टी नखाने सोडवत होती. व्यायामाच्या ताईंनी काल ती पुन्हा कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीपाशी, लेकीने जिथवर चालायचं तिथे चिकटवली होती. आईने ती चार फरशा अलीकडे लावली, अंगठ्याने दाबली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उठली. तीन दिवस तिचा हाच उद्योग चालला होता.

सोमवारी चालता चालता लेकीचे गुडघे दुमडले होते. ताईंनी वरच्यावर झेललं म्हणून निभावलं, पण तेव्हापासून आई चाकाची खुर्ची घेऊनच तिच्या मागे चालायची. एके काळी या पोरीच्या पायाला भिंगरी होती. घरीदारी तेच नाव पडलं होतं. आता कॅन्सरच्या औषधांनी त्याच पायांच्या काड्या झाल्या होत्या.

दहा वाजता भिंगरी निघाली. हातात सलाइनचा स्टँड, शेजारी ताई, मागे चाकाची खुर्ची ढकलत आई. रक्ताचा रिपोर्ट बरा आला होता आणि पोरीच्या अंगात आनंद मावत नव्हता. खिडकीखालच्या आवारात आजोबा रोज दहाला येऊन उभे राहत. वर एकाच माणसाला परवानगी होती, त्यामुळे आजोबा-नातीने तीन आठवडे एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आज खिडकी गाठायचीच, असं तिने सकाळपासून अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. ज्यांना उठता येत होतं ती सगळी मुलं दारात जमली होती, आणि झाडूवाल्या मावशी तर आधीच टाळ्या पिटत होत्या.

पट्टीवर पाऊल पडलं तसा एकच गलका झाला. आईने घाईघाईने खुर्ची पुढे सारली.

भिंगरी बसली नाही. तिने पट्टीकडे पाहिलं, मग आईकडे.

"इथून आजोबा कुठे दिसतायत?"

ताईंनी आईकडे पाहायचं मुद्दाम टाळलं आणि स्टँडचं अडकलेलं चाक पायाने सरळ केलं.

एक फरशी. दुसरी. तिसरीवर गुडघा लटपटला. आईच्या मुठी खुर्चीवर आवळल्या, पण तिने खुर्ची पुढे ढकलली नाही.

भिंगरीने काचेला नाक लावलं.

"आई, आजोबा नाचतायत. पळत ये ना."

अंतर ते केवढं, चार फरशांचं! पण आई खुर्ची तिथेच टाकून धावत सुटली.