बकासुराचा रंग

दौंडला रेल्वेच्या इंजिनावर फायरमन असलेला पोपटराव निमोण्याच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी राक्षस व्हायचा. आवाजच तसा होता. शहात्तर सालच्या ‘बकासुरवधा’साठी त्यानं मुंबईहून रबराचा मुखवटा आणला. डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढायचा, आतल्या माणसानं जबडा हलवला की राक्षसाचाही हलायचा. फक्त रंग नव्हता. सोललेल्या बटाट्यासारखा पांढराफटक.

रंगवायचं काम शिरूरच्या मच्छिंद्र पेंटरकडं आलं. तो नाटकाचे पडदे रंगवण्यात गुंतलेला, म्हणून त्याच्या बायकोकडं, अंजनाकडं गेलं. ती दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं भरायची. तिनं पाटीचाच ऑइलपेंट फासला, हिरवागार. तालमीत पोपटराव पहिल्यांदा गडगडाटी हसला आणि बकासुराचे गाल पापडासारखे तडकून भाताच्या परातीत पडले.

रबर ताणलं जातं, रंग ताणला जात नाही, हे तिला कळून चुकलं. शेजारी सायकलचं दुकान होतं. पंक्चरचं सोल्युशन ट्यूबवर वाळलं तरी लवचिक राहतं, हे ती रोज बघत होती. तेच तिनं पेट्रोलनं पातळ केलं, त्यात पुडीतला रंग घोटला आणि हलक्या हातानं थर देत गेली. आधी पिवळा, त्यावर स्पंजनं टिपत हिरवा, गालाच्या खळग्यांत काजळी, कपाळावर निळ्या शिरा. वरून पावडर, म्हणजे चिकटायला नको. वासानं डोकं भणभणायचं, पण काम सोडवत नव्हतं.

रंग टिकतो का, हे बघायला मुखवटा घालून बोलायला हवं. मग ती स्वतःच घालायची आणि आरशासमोर बकासुराची भाषणं ठोकायची. पडदे तिथंच रंगत होते म्हणून तालमीही तिच्याच अंगणात चालत, त्यामुळं पाठ करायची वेळच आली नाही. रबराच्या आत आवाज घुमायचा आणि तिला मोठी मौज वाटायची.

लाइटचा भरवसा नसल्यानं नाटक भरदुपारी लावलेलं. पटांगण गच्च भरलं, आणि एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला: पोपटरावला ड्युटी लागली, येत नाही.

मंडळींचं धाबं दणाणलं. अंजनानं नवऱ्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, इथं कुंतीसुद्धा गडीमाणूस होतोय, बाई राक्षस झाली तर लोक काय म्हणतील?

“लोकांना मुखवटा दिसंल, मी न्हाई,” ती म्हणाली. “आन् भाषणं दुसऱ्या कुणाला येत्यात का, सांगा.”

कुणालाच येत नव्हती.

कापूस भरलेलं जाकीट चढवून बकासुर गुहेतून बाहेर आला आणि पहिल्याच डरकाळीला पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदराआड गेली. तिची सासू ताईबाई तिथंच बसली होती. तिनंही पाय आखडून घेतले. अंजनाचं भय तिथंच पळालं. ती गरजली, नाचली, भात खाल्ला. गाल ताणले, ओठ फाकले, रंगाचा एक कण सुटला नाही.

पंचाईत झाली ती भीमाची. भीम झालेल्या गेणबाला आत कोण आहे हे ठाऊक. तो गदा उगारून नुसताच उभा.

“वयनी, कसं मारू?” तो कुजबुजला.

“मारा की भावजी, गुदमरले मी.”

तरी हात खाली येईना. शेवटी बकासुरानंच त्याची गदा धरली, स्वतःच्या टाळक्यात घालून घेतली आणि धाडकन आडवा झाला. डोकं चेपलं आणि पुन्हा टुणकन फुगून वर आलं. लोक हसून हसून लोळले.

पडदा पडल्यावर ताईबाई पोपटरावला शाबासकी द्यायला गुळाचा खडा घेऊन आत आली. मुखवटा सोलून निघाला आणि खाली घामानं चिंब झालेली सून. मच्छिंद्रनं मान खाली घातली.

ताईबाईनं सुनेचं तोंड पदरानं पुसलं, खडा तोंडात घातला.

“समदं झ्याक झालं,” ती म्हणाली. “पर राक्षस तू, आन् भात खाल्लास दोन घास. पोटभर खायाचास की गं.”

पुढच्या आठवड्यात पोपटराव आला. साऱ्या गावानं त्याला गाठून गाठून गदेचा तो प्रसंग सांगितला. त्यानं तो हसत ऐकला, मुखवटा अंजनाकडंच राहू दिला आणि पुढच्या जत्रेत भीम आपण होणार असं सांगून टाकलं. गेणबानं लगेच हो म्हटलं.