श्यामलाचं उत्तर

श्रीरंगचं पत्र गणपतीच्या आधी आलं होतं. सत्त्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आली तरी मी उत्तर दिलं नव्हतं. श्रीरंग, आमचा मुलगा, पुण्याहून घरमालकांकडे फोन करायचा. त्यांच्या बैठकीत चारचौघांसमोर उभा राहून मी ‘लिहितो, लिहितो’ म्हणत सुटका करून घ्यायचो.

पुण्यात आईसारख्या रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र आहे, दिवाळीनंतर तिथे जागा होईल, आईला आणायचं का, असं त्यानं विचारलं होतं. खाली एक ओळ होती : ‘बाबा, हे तुम्ही ठरवू नका. तिला विचारा.’

चामराजपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांत श्यामला उन्हाळ्यापासून अंथरुणावर होती. मेंदूच्या देठाशी रक्तपुरवठा तुटला होता. तिला ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. पण बोट हलत नव्हतं, जीभ हलत नव्हती. श्वासासाठी गळ्यात नळी होती. पापण्या आणि डोळ्यांची वरखाली हालचाल, एवढंच तिच्या ताब्यात उरलं होतं. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. त्यावर मी पंखा विचारायचो, उशी विचारायचो, कूस बदलू का विचारायचो. पुण्याचं विचारत नव्हतो. तिनं वर पाहिलं तर? आणि खाली पाहिलं, तर मला हवं तेच मला दिसलं नाही कशावरून? नसेल तिथेही अर्थ शोधायची खोड मला पुस्तकांनी लावली आहे, असं ती धडधाकट असताना म्हणायचीच.

शेवटी एका सकाळी मी आंतरदेशीय पत्र लिहून टाकलं : ‘आईचं म्हणणं, ती इथेच बरी आहे.’ हेमलता जाताना पेटीत टाकील म्हणून ते तिच्यापुढे धरलं. हेमलता आमची नर्स, निपाणीची. चादरीला धरून तिनं श्यामलाला कुशीवर वळवलं होतं आणि पाठ, टाचा निरखत होती.

“काय लिहिलंत, अण्णा?”

मी सांगितलं.

“अक्का कधी म्हणाल्या?”

“तिचं मन मला ठाऊक आहे.”

“सरी!” कानडीत ‘बरं’ म्हणत ती हसली. “पेपर अक्कांचा, आणि सोडवताय तुम्ही. आता विचारा की. मी आहे.”

श्यामला माझ्याकडेच पाहत होती. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

“श्रीरंग तुला पुण्याला न्यायचं म्हणतोय. केंद्रात. जायचं?”

डोळे वर गेले नाहीत, खालीही गेले नाहीत. तिनं ते मिटून घेतले. मग नळीत घरघर सुरू झाली, चेहरा लालबुंद झाला. माझ्या प्रश्नानंच हे झालं, असं वाटून मी भिंतीला टेकलो. हेमलतानं यंत्र लावून नळीतला कफ ओढून घेतला. एवढ्या घाईतही तिचा आवाज चढला नाही.

“झालं, अक्का, झालं. अण्णा, तुम्ही बसा. एका वेळी एकच पेशंट.”

श्वास सुरळीत झाला. “राहू दे,” मी म्हणालो, “तिला त्रास होतो.”

श्यामलानं डोळे उघडले आणि खाली पाहिलं. पुन्हा खाली. नाही.

“सोडायचं नाही म्हणतात,” हेमलता म्हणाली. “अक्षरं घेऊ. ‘क’ची ओळ? ‘च’ची? ‘ट’ची? ‘त’ची? ‘प’ची? ‘य’ची?”

डोळे वर. मग ओळीतलं एकेक अक्षर, मग त्याचा काना, वेलांटी. पहिला शब्द पुरा व्हायच्या आतच मी बोलून गेलो, “श्रीरंग! श्रीरंगकडे जायचंय तुला?”

डोळे खाली.

“स्वल्प थांबा हो अण्णा! लग्नात पण मंगलाष्टकं संपायच्या आधीच माळ घातलीत काय?”

श्यामलाच्या डोळ्यांकडे बघून वाटलं, ती हसतेय. पण खात्री कशाची देऊ? मधे दोनदा ती थकली, डोळ्यांत थेंब घालावे लागले. प्रत्येक अक्षराला माझ्या मनात शेवट तयार होत होता, आणि तो मी गिळत होतो. अखेर वाक्य झालं : श्रीरंगला मी सांगेन.

“आणि मला?” मी विचारलं. “मला नाही सांगणार?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे खाली गेले.

हेमलता यंत्राची बाटली उचलून धुवायला गेली.

मी पहिलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं : ‘ये. आईला सगळं कळतं. पुण्याचं ती तुला स्वतः सांगणार आहे. तिच्या मनात काय आहे, मला माहीत नाही. अक्षरं कशी घ्यायची ते हेमलता शिकवेल. शब्द पुरा होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.’

हे तरी तिला दाखवावं म्हणून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिनं वाचलं, वर पाहिलं. हेमलताला बसवून मी स्वतःच कोपऱ्यावर गेलो, पत्ता दोनदा वाचला आणि पत्र पेटीत टाकलं.